मोनॅडनॉक: एकाच इमारतीची दोन अंगं दोन पद्धतींची का?

घाटवाट
मंडळी, कामानिमित्त सध्या शिकागोत आहे आणि रोज येता-जाता मोनॅडनॉक इमारत दिसते. जॅक्सन आणि डिअरबॉर्न रस्त्यांच्या कोपऱ्यापासून दक्षिणेला व्हॅन ब्युरेनपर्यंत गेलेली लांबलचक तपकिरी इमारत. सहज बघितलं तर एकच वाटते, पण ती दोन खेपांत झाली आहे. उत्तरेकडची अर्धी १८९१ची, बर्नहॅम आणि रूट या जोडीची. १६ मजले, २१५ फूट उंच, बाहेरच्या विटांच्या भिंती स्वतःच भार घेणाऱ्या आणि तळाशी तब्बल ६ फूट जाड. दक्षिणेकडची अर्धी १८९३ची, हॉलबर्ड आणि रोश यांची. १७ मजले, पोलादी सांगाडा, त्यावर विटा आणि टेराकोटाचं (भाजलेल्या मातीचं) नुसतं आवरण. मालक दोन्हीकडे तेच, बॉस्टनचे पीटर आणि शेपर्ड ब्रूक्स हे भाऊ.

आता माझा प्रश्न. विल्यम ल बॅरन जेनीने याच शहरात १८८५ साली होम इन्शुरन्स इमारत लोखंडी-पोलादी सांगाड्यावर उभी करून दाखवली होती. म्हणजे वाट सापडली होती. मग त्यानंतर १६ मजले विटांवर चढवण्याचा हेका कशासाठी? आणि हेकाच होता तर दोन वर्षांत सुटला कसा? दिसायला मात्र उत्तरेकडची अशी देखणी आहे की दक्षिणेकडची तिच्यापुढे फिकी पडते. पण देखणेपणासाठी कोणी ६ फूट भिंत बांधत नाही. जाणकारांनी बोलावं.

वाचनमात्र
वाचतोय. फोटो टाका की राव.

बापू_स्थापत्य
चांगला विषय. आधी त्या ६ फुटांचा हिशेब मांडतो, म्हणजे आकडा हवेतून आलेला नाही हे कळेल. त्या काळचा ढोबळ नियम असा: सर्वांत वरच्या मजल्याला १२ इंच भिंत आणि तिथून खाली येताना दर मजल्याला ४ इंच वाढ. १६ मजल्यांना १२ + (१५ × ४) = ७२ इंच. झाले ६ फूट.

भिंतीपेक्षा खरी मजा तिच्या खाली आहे. शिकागोच्या पोटात मऊ चिकणमाती, खडक शंभर फुटांच्या आसपास खोल. तिथवर जायची सोय तेव्हा नव्हती. म्हणून रूटने आधीच्या एका इमारतीत वापरलेली युक्ती इथेही वापरली. रेल्वेचे रूळ आणि पोलादी तुळया आडव्या-उभ्या थरांत रचायच्या आणि वर काँक्रीट ओतायचं. चिखलात फळी टाकून चालतो ना, तसंच. वजन पसरतं. पण वीटकाम एवढं अजस्र की इमारत खचणार हे ठरलेलंच होतं. त्यांनी ८ इंच खचेल असं धरून तळमजला तेवढा उंच ठेवला. इमारत ८ वर थांबली नाही. १९४० पर्यंत २० इंच खाली गेली होती.

आणि घाटवाट, 'नुसत्या विटांची' म्हणून आतमध्ये लोखंड नाही असं समजू नका. आत खांब-तुळया लोखंडाच्याच आहेत. वाऱ्याच्या जोरासाठी त्या पुलाच्या कामातल्या चौकटींसारख्या रिव्हेट मारून घट्ट जखडल्या आहेत. अमेरिकेतल्या इमारतींत असा प्रयत्न अगदी सुरुवातीच्या काळातला.

खवचट_खान
म्हणजे मालकाने ८ इंचांचं बजेट केलं आणि खर्च २० इंच झाला. आमच्या सोसायटीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक याच लोकांनी केलं असावं.

मिशिगनकाठची
@घाटवाट, नुसतं रस्त्यावरून बघू नका हो, आत शिरा. तळमजल्यावरचा मार्ग इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, दोन्ही बाजूंना छोटी दुकानं. टोप्यांचं दुकान, न्हावी, कॉफी. आमच्या ह्यांना तिथल्या न्हाव्याकडेच जायचं असतं, केस उरलेत किती तो प्रश्न वेगळा.

दुकानांच्या खिडक्या मार्गाच्या बाजूलाही उघडतात. खाली पायाशी मोझेकची फरशी. कार्यालयांच्या दारांना आणि आतल्या भिंतींना जी काच आहे तिच्यावर पिसांसारखी नक्षी दिसते. ही करायची पद्धत मी एका काचकाम करणाऱ्या बाईंकडून ऐकली. आधी काच खरखरीत करायची, मग तिच्यावर गरम सरस ओतायचा. सरस वाळताना आकसतो आणि काचेचे बारीक कपचे उपटून घेतो. दोन काचा सारख्या निघत नाहीत. त्या काचेतून बाहेरच्या खोलीतला उजेड मधल्या अंधाऱ्या वाटेत येतो, पण पलीकडचा माणूस दिसत नाही. विजेचे दिवे मिणमिणते होते तेव्हा याला किंमत होती.

आणि जिना बघा. ॲल्युमिनियमचा आहे.

रसायन_मास्तर
ताई, ॲल्युमिनियमचा उल्लेख करून आमच्या वर्मावर बोट ठेवलंत. आज डब्याला आणि पत्र्याला वापरतो म्हणून कोणाला काही वाटत नाही. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला तेव्हा हा धातू चांदीच्या पंक्तीत बसत होता. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी एकमेकांना न ओळखता विजेने ॲल्युमिनियम वेगळं करायची एकच रीत शोधली, दोघंही तेव्हा २२-२३ वर्षांचे. तिथून भाव कोसळायला लागले. मोनॅडनॉकचा जिना हा त्या घसरणीच्या अगदी सुरुवातीचा. इमारतीच्या कामात ॲल्युमिनियम वापरल्याच्या पहिल्या उदाहरणांत त्याचं नाव घेतात.

आता गंमत बघा. जो मालक बाहेरच्या भिंतीवर नक्षीचा एक तुकडा लावू देईना, त्याच्या जिन्याला महागडा नवा धातू!

वाचनमात्र
फोटो?

काळाघोडा
अमेरिकावाल्यांचं कौतुक चाललंय ते चालू द्या, पण जेनीने 'वाट शोधली' हे काही पटत नाही. मुंबईत काळ्या घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल १८६७ ते १८६९ मध्ये बांधलं. रोलंड मेसन ऑर्डिशने आराखडा केला, ओतीव आणि घडीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजाने इथे आले आणि इथे जोडले. बाहेरून दिसणारा लोखंडी सांगाडा, मधे विटांचं भरकाम. शिकागोच्या आधी चांगली पंधरा-सोळा वर्षं. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात.

पुढे हॉटेल गेलं आणि तिथे कार्यालयं आली. हायकोर्ट जवळ, म्हणून वकिलांच्या खोल्याच खोल्या. आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. २००५ च्या पावसाळ्यात पुढच्या भागाचा तुकडा कोसळला तेव्हा लोकांना आठवण झाली की ही वास्तू महत्त्वाची आहे. मोनॅडनॉकची निगा राखली गेली आणि वॉटसनची नाही, एवढाच फरक.

बापू_स्थापत्य
@काळाघोडा, वॉटसनबद्दल आदर आहेच, पण 'एवढाच फरक' नाही हो. लोखंडी सांगाडा हा ना मुंबईचा शोध ना शिकागोचा. इंग्लंडात श्रूजबरीला १७९७ सालची अळशीच्या धाग्याची गिरणी आहे, तिच्या आत ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया. बाहेरच्या भिंती मात्र विटांच्या, भार घेणाऱ्या.

आता हे मोनॅडनॉकशी लावून पाहा. आत लोखंड, बाहेर भार घेणाऱ्या विटा. म्हणजे १८९१ ची उत्तरेकडची अर्धी ही मांडणीने त्या गिरणीची वंशज आहे, फक्त १६ मजल्यांवर ताणलेली. सांगाडा होता की नव्हता यापेक्षा बाहेरची भिंतसुद्धा त्या सांगाड्यावर टांगली की नाही, हे विचारायला हवं. त्या बाबतीत वॉटसन खरोखर पुढे होतं, हे मान्य. पण एवढी उंची आणि वारा हे दोन प्रश्न त्याला सोडवावे लागले नाहीत.

होम इन्शुरन्ससुद्धा सोवळं नव्हतं. तिच्या मागच्या आणि शेजाराला लागून असलेल्या भिंती भार घेणाऱ्याच होत्या. १९३१ मध्ये ती पाडली तेव्हा समित्या बसल्या होत्या, हिला पहिली गगनचुंबी म्हणायचं की नाही यावर. अजून भांडण मिटलेलं नाही.

काळाघोडा
मान्य करताय ना वॉटसन पुढे होतं? बास. बाकीचं तुमचं चालू द्या.

शंकेखोर
एक शंका. मोनॅडनॉक ही 'भार घेणाऱ्या भिंतींची जगातली सर्वांत उंच इमारत' असं सगळीकडे वाचतो. पण फिलाडेल्फियाचा सिटी हॉल? त्याचा मनोरा ५४८ फूट आहे आणि तोही दगडा-विटांच्या भिंतींवर. तळाशी त्या २२ फूट जाड. मग २१५ फूटवाली सर्वांत उंच कशी?

मिशिगनकाठची
@शंकेखोर, बरोबर पकडलंत. म्हणून नीट लिहिणारे लोक 'विटांची, ऑफिसांसाठी बांधलेली' अशी दोन विशेषणं जोडतात. विशेषणं जोडत गेलं की प्रत्येक इमारत कशात तरी पहिली येते.

खवचट_खान
आमची चाळ: संडासाच्या रांगेत गिरगावात सर्वांत उंच.

पेठेतला_दलाल
धंदा जागेचा असल्यामुळे मी वेगळ्या बाजूने बघतो. या सगळ्या गोष्टीतला हिरो वास्तुविशारद नाही, ओवेन अल्डिस आहे. हा ब्रूक्स बंधूंचा शिकागोतला माणूस. मालक बॉस्टनला बसलेले, जमीन घेणं, परवाने काढणं, भाडेकरू आणणं हे सगळं याच्याकडे. त्याने पुढे ऑफिस इमारतींसाठी काही सूत्रं लिहिली, त्यातलं एक मी ऑफिसात लावून ठेवलंय: दुय्यम दर्जाची जागा बांधायला पहिल्या दर्जाइतकाच खर्च येतो, तेव्हा दुय्यम जागा बांधूच नका. आपल्याकडच्या किती बिल्डरांना हे कळलंय?

पहिल्या दर्जाची जागा म्हणजे उजेड असलेली. मोनॅडनॉकचा प्लॉट जेमतेम ६६ फूट रुंद. मधोमध वाट, दोन्ही हातांना कार्यालयं, प्रत्येकाला बाहेरची खिडकी. मधला चौक ठेवावाच लागला नाही. आणि ते जे बाहेर आलेले सज्जे दिसतात ना, खिडक्यांचे, ते रस्त्यावर लटकतात. म्हणजे प्लॉटच्या बाहेरची हवा भाड्याने दिली! ब्रूक्सची अट होती की बाहेर आलेलं काही नको, खाचा नकोत, सगळं सपाट हवं. नक्षी अडवली, पण सज्ज्यांना त्याने ना केली नाही. का, ते सांगायला नको.

आता ६ फूट भिंतीचं गणित. खालच्या मजल्याचं भाडं सर्वांत चांगलं, आणि नेमकी तिथेच भिंत जागा खाते, खिडकी बोगद्यासारखी होते. दक्षिणेकडची पोलादी अर्धी उत्तरेपेक्षा सुमारे १५ टक्के स्वस्तात झाली, वजनाला १५ टक्के हलकी आणि भाड्याची जागा १५ टक्के जास्त. हा हिशेब समोर असताना कोणता मालक परत विटांकडे जाईल? वीटकाम सोडलं ते याच हिशेबापायी, बाकी सगळी सजावट.

घाटवाट
@पेठेतला_दलाल, जबरदस्त. पण तुमच्याच हिशेबाने प्रश्न आणखी अवघड होतो. अल्डिस एवढा चलाख होता तर उत्तरेकडच्या वेळी त्याला हे १५ टक्के दिसले नाहीत?

सायली_आर्क
रूटबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहिते.

सुरुवातीची रेखाटनं १८८४-८५ ची. त्यांत इजिप्शियन वळणाची सजावट होती. नंतर काम रखडलं. पुढे जी गोष्ट सांगतात ती अशी: रूट सुट्टीवर असताना बर्नहॅमने एका मदतनिसाकडून अगदी सपाट दर्शनी भाग काढून घेतला. रूट परतला, चिडला, आणि मग एकदम त्या सपाटपणातच रमला. म्हणाला, इजिप्तच्या देवळांच्या दरवाजाचे ते जाडजूड उतरते बुरूज असतात ना, तसं करू, बाकी काही नको. आज भिंत खाली पायाशी हलकेच आत वळते, वर छपराशी बाहेर झुकते, आणि कोपरे तळापासून वर जाताना गोलाईत शिरतात. ही वळणं गिलाव्याची नाहीत, त्यासाठी खास साच्यात विटा पाडून घेतल्या. सजावट म्हणायचीच झाली तर एवढीच.

जाड भिंत हा दोष असेल भाड्याच्या हिशेबात. पण ती वक्र रेषा जाड भिंतीतूनच येते. खाली ६ फूट आणि वर बारीक, हा फरक भिंत झाकत नाही, उघड दाखवते. दक्षिणेकडे सांगाडा असल्याने भिंतीला जाड व्हायचं कारणच नाही, मग तिथे पट्ट्या, कमानी, वर कॉर्निस (छपराखालची पुढे आलेली कड) असं काहीतरी लावून शोभा आणावी लागली. म्हणून ती फिकी वाटते.

समोरच्या बाजूला विसाव्या शतकातल्या मीस व्हान डर रोह या वास्तुविशारदाने काढलेलं फेडरल सेंटर आहे, काळं पोलाद आणि काच. १८९१, १८९३ आणि मीस, तिन्ही एका चौकात उभं राहून दिसतात. आमच्या कॉलेजात हे तीन स्लाइडवर दाखवले होते, तिथे उभं राहिल्यावर वेगळंच.

रूटने हे पूर्ण झालेलं पाहिलं नाही. जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने गेला, नुकतेच ४१ पूर्ण झाले होते.

इतिहासाचा_किडा
अवांतर: १८९३ म्हणजे शिकागोचं जागतिक प्रदर्शन. बांधकामाचा प्रमुख बर्नहॅमच. त्याच निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली. ११ सप्टेंबरचं विवेकानंदांचं भाषण सगळ्यांना पाठ आहे. पण त्या परिषदेत मुंबईचे बी. बी. नगरकरही ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलले होते, ते कोणालाच आठवत नाहीत. परिषद झाली ती इमारत म्हणजे आजचं आर्ट इन्स्टिट्यूट. मोनॅडनॉकपासून चालत दहा मिनिटंही लागत नाहीत.

खवचट_खान
नगरकर परिषद सोडून इमारती बघत फिरले असतील तर मला त्यांच्याबद्दल अधिकच आदर वाटेल.

बापू_स्थापत्य
मूळ प्रश्नावर येतो, कारण घाटवाटांनी दलालांना विचारलेला प्रश्न चोख आहे.

'तेव्हा पोलाद कळत नव्हतं' हे उत्तर टिकत नाही. बर्नहॅम आणि रूट यांनीच १८९० मध्ये याच शहरात रँड मॅकनॅली इमारत पूर्ण पोलादी सांगाड्यावर केली. हॉलबर्ड आणि रोश यांनी १८८९ मध्ये १३ मजली टॅकोमा इमारत दोन बाजूंनी सांगाड्यावर टांगली. म्हणजे मोनॅडनॉकच्या विटा चढत होत्या तेव्हा तिचेच वास्तुविशारद दुसऱ्या रस्त्यावर पोलाद जोडत होते. निर्णय मालकाचा होता.

मालकाच्या डोक्यात काय असेल? १८७१ च्या ऑक्टोबरमधली आग. त्या आगीत उघडं ओतीव लोखंड कसं वागलं हे शिकागोने पाहिलं होतं. तापलं की दगा देतं, पाणी पडलं की तडकतं. पुढे लोखंडाला पोकळ टेराकोटाच्या फरशांचं कवच द्यायची रीत आली, पण ती किती वर्षं टिकते हे सांगायला एकही जुनी इमारत नव्हती. आत गंज चढला तर दिसणार कसा? वीट मात्र उघडी समोर असते. बॉस्टनहून पैसे लावणारा माणूस, ज्याने १८८२ मध्ये याच वास्तुविशारदांकडून १० मजली मॉन्टॉक बांधून घेतली होती, तो म्हणणार, जे चाललंय तेच आणखी उंच करा.

दोन वर्षांत बदल का, तर रूट गेला, बर्नहॅम प्रदर्शनात अडकला, काम दुसऱ्यांकडे गेलं. आणि हे 'दुसरे' टॅकोमावाले होते. शिवाय तोवर सांगाड्याच्या चार-पाच इमारती उभ्या राहून काही झालं नव्हतं.

पेठेतला_दलाल
बापू, भीती मान्य. पण १५ टक्के नसते तर भीती गेली नसती. नफा दिसला की गंजाची काळजी कमी होते, हा माझा धंद्यातला अनुभव.

सायली_आर्क
दोघांनाही: १८८९ ला परवाना काढला तेव्हा ते १५ टक्के कोणाला दिसणार होते? तुलना करायला दक्षिणेकडची अर्धी बांधावी लागली. म्हणून मला ती जोडी एकत्रच महत्त्वाची वाटते. एकाच मालकाची, एकाच रस्त्यावर, पाठीला पाठ लावून. दुसरीकडे कुठे हा हिशेब इतका स्वच्छ मांडलेला मिळत नाही.

शंकेखोर
पण २० इंच खचूनही वाकडी कशी झाली नाही?

बापू_स्थापत्य
खचणं वाईट नाही, असमान खचणं वाईट. मोनॅडनॉक अरुंद, लांब आणि सगळीकडे जवळपास सारख्या वजनाची, म्हणून बऱ्यापैकी सरळ खाली गेली. याच्या उलट ऑडिटोरियम, १८८९ ची, ॲडलर आणि सलिव्हन यांची. तिचा मनोरा बाकीपेक्षा कितीतरी जड. त्यात पाया झाल्यावर बाहेरचं टेराकोटा बदलून दगड लावायचं ठरलं. आज तिथल्या दालनात फरशीचा उतार पायाला कळतो.

मोनॅडनॉकला पुढे आधारही मिळाला. १९४० मध्ये डिअरबॉर्न रस्त्याखाली भुयारी रेल्वे खणताना पूर्वेकडच्या भिंतीखाली खोल कठीण थरापर्यंत काँक्रीटचे खांब उतरवले. आता ब्लू लाइन ही भुयारी गाडी तिच्या कुशीतूनच जाते.

मिशिगनकाठची
म्हणूनच डिअरबॉर्नच्या बाजूने शिरताना पायरी खाली उतरावी लागते! इतकी वर्षं मी तिथे ठेचकाळतेय.

अजून एक, काळाघोडा यांच्यासाठी. ही निगा आपोआप राहिलेली नाही. मधल्या काळात आतल्या फरशा झाकल्या गेल्या, काच-लाकूड काढलं गेलं. १९७९ मध्ये नव्या मालकाने विकत घेतल्यावर जुने फोटो आणि कुठेकुठे उरलेले तुकडे पाहून, एकेक मजल्याची वाट करत, वर्षानुवर्षं काम चाललं. सगळी इमारत रिकामी करून नाही, भाडेकरू आत असताना. छोट्या व्यवसायांना परवडेल असं भाडं ठेवलं म्हणून इमारत भरलेली राहिली.

काळाघोडा
ताई, हेच तर मला म्हणायचं होतं. वकील आत असताना वॉटसनचं असं काही झालं असतं तर. असो, त्याच्यावर वेगळा धागा काढतो, बापूंनी हातोडी घेऊन यावं.

घाटवाट
सगळ्यांचे आभार. 'हेका' शब्द मागे घेत नाही, पण तो रूटच्या नाही, ब्रूक्सच्या खात्यावर टाकतो. आणि सायली, तुमचा मुद्दा पटला, पुढच्या आठवड्यात चौकात उभा राहून तिन्ही बघतो.

वाचनमात्र, फोटो काढलेत, पण धाग्यावर चढेनात. आकार मोठा आहे म्हणतंय.

खवचट_खान
भिंत ६ फुटांची असल्यावर आणखी काय होणार.